परतीच्या पावसाचा अंदाज कसा वाचावा: घाटमाथा आणि मैदानी पट्ट्यासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की मला रोज सकाळी एकाच प्रकारचे फोन येतात. "मोबाईलवर ऊन दाखवतंय, सोयाबीन सोंगायला घेऊ का?" असे विचारणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा अंदाज पाहिलेला असतो, तो फक्त चुकीच्या क्रमाने आणि चुकीच्या सवयीने पाहिलेला असतो. ही सवय जून-जुलैची असते. त्या दोन महिन्यांत वारा पश्चिमेकडून येतो, ढग सह्याद्रीवर अडतात, घाटमाथ्यावर दिवसरात्र संततधार लागते आणि पूर्वेकडचा पर्जन्यछायेचा पट्टा कोरडा राहतो. सप्टेंबरच्या अखेरीस वारा पूर्वेकडून येऊ लागला की हे गणित उलटते. पाऊस पठारावर दुपारनंतर तयार होतो, विजांसह येतो, तासा-दोन तासांत सगळे धुऊन नेतो आणि तीन किलोमीटरवरच्या वाडीत थेंबही पडत नाही. सोलापूरसारख्या मैदानी जिल्ह्यात तर वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्येच पडतो.

म्हणून या काळात मोबाईलवरचे ऊन-ढगाचे चित्र बाजूला ठेवून तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत: वारा कोणत्या दिशेचा आहे, अंदाज नेमका कोणत्या भागासाठी आहे आणि दिवसाच्या कोणत्या वेळेत पाऊस अपेक्षित आहे. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण मधला टप्पा गाळल्यास पुढच्या टप्प्यातील माहितीचा अर्थ बदलतो.

## टप्पा १: आपली जागा कागदावर निश्चित करा

हे काम हंगामात एकदाच करायचे आहे. वहीच्या पहिल्या पानावर आपला हवामान उपविभाग, जिल्हा, तालुका, महसूल मंडळ आणि वरच्या अंगाचे धरण किंवा ओढा यांची नोंद करावी. हवामान विभागाच्या दृष्टीने कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे आपल्याकडचे चार उपविभाग आहेत. त्यांपैकी मध्य महाराष्ट्रात नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचा आणि सोलापूरपर्यंतचा प्रदेश येतो, त्यामुळे "मध्य महाराष्ट्रात पाऊस" या वाक्यावरून एका गावाला काहीही कळत नाही.

त्यानंतर आपण घाटाच्या बाजूला आहोत की मैदानी बाजूला, हे ठरवावे. महाबळेश्वर, जावळी, मावळ, मुळशी, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर हे घाटाकडचे तालुके आहेत; फलटण, माण, खटाव, बारामती, इंदापूर, शिरोळ आणि येवला हे मैदानी आहेत. वाई किंवा भोरसारख्या तालुक्यांत मात्र पश्चिम टोक घाटात आणि पूर्व टोक मैदानात असते, म्हणून तेथे गावागणिक निर्णय करावा लागतो. महाबळेश्वर ते वाई हे अंतर रस्त्याने जेमतेम ३०-३५ किलोमीटर आहे. वर वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो.

सावधान: पुणे, सातारा, कोल्हापूर आणि नाशिक या जिल्ह्यांसाठी घाट विभागाचा इशारा वेगळा दिला जातो. "साताऱ्याला ऑरेंज" अशी बातमी ऐकून फलटणचा शेतकरी मजूर परत पाठवतो आणि प्रत्यक्षात तो इशारा "सातारा घाट" या भागापुरता असतो. याची उलट चूकही तितकीच महागात पडते: मूळ पत्रकात घाटासाठी वेगळी ओळ आहे हे न पाहता, जिल्ह्याचा साधा अंदाज वाचून ताम्हिणी किंवा वरंधा घाटात गाडी घातली जाते.

## टप्पा २: कामाला किती कोरडा काळ हवा, ते आधी लिहा

अंदाज पाहण्याआधी आपली गरज लिहून ठेवावी. अंदाज आधी पाहिला, तर माणूस आपली गरज त्या अंदाजाच्या मापाने कापून घेतो.

सोयाबीनची हाताने सोंगणी करायची असल्यास कापणीला एक दिवस, शेतात वाळण्यास दोन ते तीन दिवस आणि मळणीला एक दिवस, असा सलग चार-पाच दिवसांचा कोरडा काळ लागतो. हार्वेस्टरने काढायचे असल्यास एकच दिवस पुरतो. मात्र जमिनीला वापसा (जादा ओल निचरून यंत्र चालण्याजोगी स्थिती) हवा आणि सकाळचे दव उडून शेंगा कोरड्या व्हायला हव्यात, म्हणजे प्रत्यक्षात काम अकराच्या सुमारास सुरू होते आणि दुपारच्या ढगांशी शर्यत लागते. ९० ते ९५ टक्के शेंगांचा रंग पिवळा-तपकिरी झाल्यावर पीक फार काळ उभे ठेवता येत नाही, कारण कडक उन्हात शेंगा फुटतात आणि पावसात भिजल्यास दाण्याला शेंगेतच कोंब येतात.

द्राक्षबागायतदाराची गरज वेगळी असते. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी बाहेर पडल्यापासून फुलोऱ्यापर्यंतचा काळ केवडा या बुरशीजन्य रोगाच्या दृष्टीने सर्वात नाजूक असतो, म्हणून त्याने पावसाच्या आकड्यापेक्षा पाने किती तास ओली राहतील याकडे पाहावे. रब्बी ज्वारी पेरणाऱ्याला तोच पाऊस हवा असतो. गडावर जाणाऱ्याला पूर्ण दिवस कोरडा लागत नाही. दुपारी एकच्या आत खाली उतरता येईल एवढीच खिडकी पुरते.

तपासणी: "मला अमुक तारखेपासून अमुक तास किंवा दिवस पाऊस नको आहे" असे एक वाक्य वहीत लिहून झाले का? झाले नसल्यास पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा ३: आठवड्यातून एकदा मोठे चित्र पाहा

हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यातून तारीख शोधू नये. पहिल्या दोन आठवड्यांत पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी, एवढाच कल पाहावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यावर काढणीचे नियोजन बेतू नये.

या टप्प्यात खरे लक्ष बंगालच्या उपसागराकडे ठेवावे लागते. तेथे तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे या काळात आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरून जमिनीवर येतात आणि तेलंगण, विदर्भ, मराठवाडा या मार्गाने पश्चिमेकडे सरकतात. पत्रकात "चक्राकार वारे", "कमी दाबाचे क्षेत्र", "तीव्र कमी दाबाचे क्षेत्र", "अवदाब" आणि "तीव्र अवदाब" असे शब्द चढत्या तीव्रतेने येतात. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की त्याला चक्रीवादळ म्हणतात. येथे वाचकांची एक ठरावीक चूक होते. किनारा ओलांडल्यावर वादळ "क्षीण झाले" असे वाचून ते निर्धास्त होतात, पण क्षीण होतो तो वारा. बाष्प तसेच पुढे येते आणि आपल्याकडचे नुकसान त्या बाष्पाच्या पावसाने होते.

दोन उदाहरणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. १३ ऑक्टोबर २०२० रोजी एक तीव्र अवदाब काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आला, त्याने आधी हैदराबाद बुडवले आणि १४ ऑक्टोबरला सोलापूर, पंढरपूर व पुण्याकडे अतिवृष्टी केली. २६ सप्टेंबर २०२१ रोजी "गुलाब" चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याच्या अवशेषांनी २७-२८ सप्टेंबरला मराठवाड्यात पूर आणला. पुढे तेच अवशेष अरबी समुद्रात उतरून "शाहीन" झाले. किनाऱ्यापासून आपल्या शेतापर्यंतचे अंतर दोन्ही वेळा एक ते दोन दिवसांचे होते, आणि सोंगलेले पीक झाकायला किंवा मळून घ्यायला तेवढाच वेळ हातात असतो.

सावधान: "मान्सून परतला" याचा अर्थ "पाऊस संपला" असा होत नाही. परतीची सुरुवात पश्चिम राजस्थानातून होते आणि तिची सरासरी तारीख १७ सप्टेंबर आहे. मुंबईसाठी ती ८ ऑक्टोबर, तर संपूर्ण देशासाठी १५ ऑक्टोबरच्या सुमारास आहे. राजस्थानातून परतीची घोषणा होताना सलग पाच दिवस पाऊस नसणे, हवेच्या खालच्या थरात प्रतिचक्रवात (जास्त दाबाभोवती फिरणारे वारे) तयार होणे आणि बाष्प लक्षणीय घटणे असे निकष पाहिले जातात. त्या घोषणेच्या वेळी आपल्याकडे पाऊस ऐन भरात असू शकतो. वर्तमानपत्रांत सप्टेंबरमधल्या प्रत्येक सरीला "परतीचा पाऊस" म्हटले जाते, त्यामुळे हा गोंधळ दरवर्षी नव्याने होतो. परतीची रेषा आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला सरकल्यानंतरही पूर्वेकडून बाष्प आले, तर गडगडाटी पाऊस होतोच.

## टप्पा ४: पाच दिवसांचा जिल्हा अंदाज शब्दशः वाचा

हा सर्वात महत्त्वाचा टप्पा आहे, म्हणून येथे घाई करू नये. हवामान विभागाच्या संकेतस्थळावरील किंवा "मौसम" ॲपमधील जिल्हानिहाय इशारा उघडावा. त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: पाऊस किती ठिकाणी, किती प्रमाणात, आणि किती सज्जता हवी.

४.१ किती ठिकाणी. हे शब्द सैल वाटतात, पण त्यांचे माप ठरलेले आहे. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातील २५ टक्क्यांपर्यंत पर्जन्यमापन केंद्रांवर, "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५० टक्के, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर पाऊस. हे आकडे केंद्रांच्या संख्येचे आहेत. तुमच्या गावात पाऊस पडण्याची ती टक्केवारी नव्हे, आणि दिवसभरातल्या तासांचीही नव्हे.

४.२ किती प्रमाणात. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार आणि त्यापुढचा अत्यंत जोरदार. यांतला "मध्यम" हा शब्द घातक आहे. घाटात २४ तासांत सावकाश पडलेला ५० मिलिमीटर पाऊस आणि ऑक्टोबरात मैदानावर ४० मिनिटांत कोसळलेला ५० मिलिमीटर पाऊस पत्रकात एकाच शब्दाने ओळखले जातात. सोयाबीनची गंजी मात्र पहिल्यात वाचते आणि दुसऱ्यात तरंगते. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर पाणी. ५० मिलिमीटरचे दोन लाख लिटर होतात आणि तेवढे पाणी पाऊण तासात बांधाबाहेर काढणारी चर आपल्याकडे क्वचितच कोणी खणलेली असते.

४.३ रंग. हिरवा म्हणजे विशेष इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटनेची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम या दोन्हींचा विचार केलेला असतो. परतीच्या काळातला पिवळा इशारा बहुतांशी मेघगर्जना, विजा आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासाठी असतो. पावसाच्या प्रमाणाबद्दल त्यात एक अक्षरही नसते. "पिवळाच तर आहे, थोडा भुरभुर पाऊस होईल" असा अर्थ काढून माणसे दुपारी तीनला उघड्या रानात असतात. रंगाखालचे वाक्य न वाचता केवळ रंग पाहणे ही मला या काळातली सर्वात धोकादायक चूक वाटते.

४.४ दिवसाची हद्द. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा असतो. मंगळवारी संध्याकाळी सहाला पडलेला पाऊस बुधवारच्या तारखेखाली नोंदला जातो. "काल अंदाज होता, पडला नाही, आज नव्हता, तर पडला" या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी तारखेच्या या हद्दीपाशीच मिटतात.

४.५ कितव्या दिवसावर किती विसंबावे. पहिले दोन दिवस जिल्हा पातळीवर भरवशाचे धरावेत; तिसरा ते पाचवा दिवस कल म्हणून घ्यावा. मात्र गडगडाटी पाऊस नेमका कोणत्या गावात आणि किती वाजता पडेल, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. मोबाईलवरचे तासागणिक चित्र संगणकीय प्रारूपाच्या एका चौकटीवरून काढलेले असते. भारतात मे २०२५ पासून वापरात आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीममध्ये ही चौकट ६ किलोमीटरची आहे, परदेशी प्रारूपांमध्ये ती बहुधा याहून मोठी असते. घाटाचा कडा आणि त्याखालचे गाव एकाच चौकटीत आले, तर दोघांना मिळून एकच चित्र मिळते.

तपासणी: अंदाज कोणत्या तारखेला आणि किती वाजता दिला गेला आहे, ते पाहावे. व्हॉट्सॲपवर फिरणारे पत्रक अनेकदा दोन दिवसांपूर्वीचे असते, आणि गेल्या वर्षीचे पत्रक याच तारखांना पुन्हा फिरताना मी पाहिले आहे.

शेतीसाठी याच टप्प्यात मंगळवार आणि शुक्रवारचा कृषी सल्ला जोडून वाचावा. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या भागांनुसार तो दिला जातो आणि "मेघदूत" ॲपवर मराठीत मिळतो.

## टप्पा ५: कामाच्या दिवशी चार वेळा पाहा

५.१ सकाळी सात. दव किती पडले आहे आणि हवा कशी आहे, ते पाहावे. सकाळीच घामट वाटत असेल आणि वारा पडलेला असेल, तर बाष्प भरपूर आहे. याउलट उत्तरेचा किंवा ईशान्येचा कोरडा वारा लागून रात्री गारवा जाणवला असेल, तर दुपार निभावण्याची शक्यता चांगली असते.

५.२ अकरा वाजता. या वेळी आकाश मोबाईलपेक्षा जास्त सांगते. पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे तोंड करून उभे राहावे. सपाट तळाचे, वर फुलकोबीसारखे फुगलेले पांढरे ढग दिसत असतील, तर त्यांपैकी एक ढग आणि त्याखालचा एखादा खांब किंवा झाड धरून ठेवावे आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. ढग रुंद होत असेल तर फारशी चिंता नाही. तो उंच होत असेल आणि अकरालाच त्याची उंची रुंदीपेक्षा जास्त दिसू लागली असेल, तर दुपारी दोन ते सहा या वेळेत आसपास गडगडाट होणार, असे धरून चालावे. माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा दिसू लागला म्हणजे तो ढग पूर्ण वाढला आहे आणि ज्या बाजूला ऐरण ताणलेली दिसते त्या बाजूला वरच्या थरातला वारा वाहतो आहे.

जून-जुलैच्या सवयीने लोक पश्चिमेच्या डोंगराकडे पाहत राहतात आणि पाऊस पाठीमागून येतो. माझ्याही बाबतीत हे घडले आहे. एका वर्षी खळ्यावर दाणे पसरून मी डोंगर मोकळा आहे याची खात्री करून जेवायला बसलो होतो. भाकरीचा दुसरा तुकडा मोडेपर्यंत पूर्वेच्या बाजूने ताडपत्री उडून विहिरीच्या कठड्याला जाऊन लागली होती.

५.३ दुपारी एक. आता उपग्रहाचे आणि रडारचे चित्र पाहावे. उपग्रहचित्रावरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत म्हणजे यूटीसीमध्ये असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावेत. चित्रावर ०७०० लिहिले असेल, तर ते दुपारी साडेबाराचे आहे. ही बेरीज न केल्याने ताजे चित्र "सकाळचे, शिळे" समजून टाकून दिले जाते.

रडारचे एकच चित्र पाहून निर्णय करू नये. दहा ते पंधरा मिनिटांच्या अंतराची तीन चित्रे पाहावीत आणि पावसाचा ठिपका कोणत्या दिशेने किती सरकला, ते मोजावे. अर्ध्या तासात तो १५ किलोमीटर सरकला असेल आणि आपल्यापासून ४५ किलोमीटरवर असेल, तर आपल्या हातात दीड तास आहे. यातून अर्धा तास वजा करावा, कारण मोठ्या ढगातून खाली उतरलेला थंड वारा पुढे धावतो आणि वाटेत नवे ढग उभे करतो. रडारवर ४० डीबीझेडच्या (पावसावरून परतणाऱ्या लहरींच्या तीव्रतेचे माप) वरचा रंग जोरदार सरींचा समजावा. सह्याद्रीच्या आडोशामुळे आणि अंतरासोबत किरण जमिनीपासून उंच जात असल्यामुळे मुंबईच्या रडारवर घाटापलीकडचा ठेंगणा पाऊस नीट दिसत नाही. म्हणून "रडार कोरडे" म्हणजे "रान कोरडे" असे मानू नये.

५.४ दर तीन तासांनी. तात्काळ इशारा पुढील तीन तासांपुरता असतो. तो वाचताना वैधतेची वेळ पाहावी. सोबत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे "दामिनी" ॲप ठेवावे. त्यावर आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिघातील विजा दिसतात. रानात मोबाईलला रेंज नसेल, तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागावे, किलोमीटरमध्ये अंतर मिळते.

सावधान: हा सेकंदांचा आकडा ३० च्या आत आला की काम तेथेच थांबवावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास पुन्हा रानात उतरू नये. एकट्या झाडाखाली, उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, विजेच्या खांबाजवळ किंवा विहिरीच्या कठड्यावर थांबू नये. पक्के घर किंवा बंद काचांची चारचाकी सुरक्षित आहे. दोन्ही नसतील तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, आणि एकमेकांपासून अंतर ठेवावे.

## टप्पा ६: माघारीच्या मर्यादा आदल्या रात्री ठरवा

ढग डोक्यावर आल्यावर घेतलेला निर्णय "अजून चार ओळी" याच प्रकारचा असतो. म्हणून मर्यादा आदल्या रात्रीच लिहाव्यात. सोयाबीनसाठी मी पुढील मर्यादा सुचवतो.

१. जिल्ह्याच्या मैदानी भागाला पुढील दोन दिवसांत नारिंगी इशारा असेल, किंवा अवदाब किनाऱ्यावर आलेला असेल, तर नवी सोंगणी सुरू करू नये. आधी सोंगलेले गोळा करावे.

२. पिवळा इशारा असेल आणि वाक्यात "तुरळक ठिकाणी" असेल, तर संध्याकाळपर्यंत गोळा करून झाकता येईल तेवढेच सोंगावे. मजूर जास्त आले म्हणून क्षेत्र वाढवू नये.

३. अकराची ढगांची पाहणी वाईट ठरली, तर दुपारी दोनच्या आत गंजी लावून झाकावी.

गंजीची जागा शेतातल्या उंचवट्यावर निवडावी, खाली ताडपत्री किंवा काड्यांचा थर द्यावा, माथा उतरता ठेवावा, भोवती चर काढावी आणि वरच्या ताडपत्रीच्या कडांवर माती टाकावी. ताडपत्रीचे टोक चरीच्या बाहेर पडले पाहिजे. ते आत राहिले तर पाणी नेमके गंजीच्या बुडाशी उतरते. ओले झालेले पीक झाकून ठेवू नये, कारण आत ऊब धरून बुरशी येते. पाऊस थांबताच ते पसरावे, उलटावे आणि दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पोत्यात भरू नये.

घाटात जाणाऱ्यांसाठी मर्यादा घड्याळाची असावी. उतरायला किती वेळ लागतो ते मोजून दुपारी एकच्या मागे गणित करावे आणि माथा गाठलेला नसला तरी त्या वेळी परत फिरावे. जाताना कोरडा दिसलेला ओढा वर पडलेल्या सरीने परतीच्या वेळी कमरेइतका होऊ शकतो, आणि वरची सर आपल्याला दिसलेली नसते. सप्टेंबरअखेर धरणे भरलेली असतात, त्यामुळे थोड्या पावसानेही विसर्ग वाढवावा लागतो; नदीकाठच्या सखल रस्त्याने परतायचे असल्यास विसर्गाची सूचना पाहूनच निघावे.

नक्षत्रांचा आधार घेणाऱ्यांना मी हिणवत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त लागतो, त्याचा "हत्तीचा पाऊस" गडगडत येतो हे निरीक्षण अचूक आहे आणि "पडतील स्वाती तर पिकतील मोती" या म्हणीत रब्बीच्या ओलीचा अनुभव आहे. मात्र नक्षत्र पंधरवड्याचा स्वभाव सांगते. उद्या दुपारी तुमच्या मंडळात काय होईल, ते त्याच्याकडून कळत नाही.

## टप्पा ७: पाऊस स्वतः मोजा आणि पडताळा

पडताळणी केली नाही, तर पुढच्या आठवड्यातही त्याच चुका होतात. पर्जन्यमापक नसल्यास सरळ उभ्या भिंतींचा, सपाट तळाचा काचेचा किंवा प्लॅस्टिकचा डबा चालतो. तोंड आणि तळ यांची रुंदी सारखीच असावी. तो घर, झाड किंवा भिंत यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर उघड्यावर ठेवावा, तळाशी दगडांनी आवळावा आणि रोज सकाळी ८:३० वाजता आत पट्टी धरून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये वाचावी. वाचल्यावर पाणी ओतून टाकायचे विसरू नये. बादलीत मोजू नये, कारण तिचे तोंड रुंद आणि तळ अरुंद असतो.

आपल्या महसूल मंडळातील "महावेध" केंद्राचा आकडाही शेजारी लिहावा. राज्यात अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे आहेत. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास शासकीय कामकाजात अतिवृष्टी धरली जाते, आणि तो आकडा केंद्रावरून घेतला जातो, तुमच्या डब्यावरून नव्हे. दोन्ही आकड्यांत मोठा फरक पडला असेल, तर त्याच दिवशी शेताची तारीख-वेळेसह छायाचित्रे काढून तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी कळवावे.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, आदल्या दिवशी वाचलेला इशारा शब्दशः, अकराला दिसलेले ढग, पाऊस सुरू झाल्याची वेळ व दिशा, आणि सकाळचे माप. पाऊस न पडलेल्या दिवशीही मापाच्या रकान्यात शून्य लिहावे. तो रिकामा सोडला, तर महिनाभराने वही उघडल्यावर त्या दिवशी पाऊस नव्हता की मोजायचे राहिले होते, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.